सुपारी की बलुते? : पवईतल्या एका गिटारवादकाच्या निमित्ताने

'सुपारी' हा शब्द वर्तमानपत्रांनी खुनाशी जोडून टाकला आहे. वाजवणाऱ्या माणसांच्या जगात मात्र त्याचा अर्थ अगदी साधा आहे. तमाशाच्या फडाची सुपारी असते, गायन पार्टीची असते, बेंजोवाल्यांची असते. तारीख ठरली, आकडा ठरला, विसार हातात पडला की सुपारी पक्की. या शब्दात व्यवहार आहे, दोन पक्ष आहेत आणि त्यांपैकी वाजवणाऱ्या पक्षाला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे. याच्या नेमका उलट शब्द आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे : बलुते. बलुत्यात दिवस गाव ठरवते, काम गाव ठरवते, मोबदलाही गावच ठरवते आणि तो खळ्यावर उभे राहून मागावा लागतो. तिथे 'नाही' म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. कारण वाजवणे हे त्या माणसाचे काम मानले जात नाही, त्याची जात मानली जाते.

या दोन शब्दांच्या मधोमध आज मुंबईच्या उपनगरांत एक नवा वादक उभा आहे. त्याच्या हातात हलगी नाही, गिटार आहे. तो हॉटेलांत, लग्नाच्या 'संगीत' समारंभांत, कंपन्यांच्या मेजवान्यांत इतरांची गाजलेली गाणी वाजवतो. अशा वाद्यमेळाला 'कव्हर बँड' म्हणतात आणि त्याच्या एका कार्यक्रमाला 'गिग'. माझा एक माजी विद्यार्थी गेली नऊ वर्षे पवईत आणि आसपास हेच करून जगतो आहे. पुढच्या सुपाऱ्या जाऊ नयेत म्हणून त्याचे नाव मी इथे देत नाही. त्याची कौतुककथा सांगण्यासाठी मी लिहीत नाही. त्याचा व्यवहार सुपारीचा आहे की बलुत्याचा, हा प्रश्न मला पडला आहे, आणि तो चळवळीतल्या माणसांसमोर मांडावासा वाटतो.

आधी जागा समजून घेऊ. पवईचा तलाव १८९१ सालचा, मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला. पण ते पाणी पिण्याजोगे निघाले नाही. तलावाकाठी पुढे १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी आली. १९८६ साली सरकार, महानगर विकास प्राधिकरण आणि विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. सामान्यांना परवडणारी लहान घरे व्हावीत म्हणून इथली विस्तीर्ण जमीन नाममात्र दराने दिली गेली. उभे राहिले ते उंच खांबांचे श्रीमंत नगर. २०१२ साली उच्च न्यायालयाला परवडणारी घरे बांधण्याचा आदेश द्यावा लागला. या नगराच्या तळमजल्यांवर आणि आसपास जी खाद्यगृहे आहेत, ती माझ्या विद्यार्थ्याची कामाची जागा. तो राहतो डोंगरउतारावरच्या वस्तीत. दोन ठिकाणांमधले अंतर पायी वीस मिनिटांचे. विद्युत गिटारचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला तो आयआयटीच्या 'मूड इंडिगो' महोत्सवाचा, भिंतीच्या अलीकडून. तेव्हा तो नववीत होता. दिसत काहीच नव्हते, असे तो सांगतो. त्यामुळे बरीच वर्षे त्याला वाटत होते की तो आवाज कुठल्या तरी यंत्राचा असावा.

आता कामाविषयी. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ती रात्री साडेआठ ते साडेअकराची तीन तासांची करमणूक : पाऊण तास वाजवणे, पंधरा मिनिटे विश्रांती, पुन्हा पाऊण तास. या तीन तासांमागे जे दडलेले असते त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'गाणे बसवणे'. मूळ ध्वनिमुद्रण कानाला लावून सूर उतरवायचे, त्यातले व्हायोलिन, बासरी, कोरस यांतले काय सहा तारांवर येईल आणि काय सोडावे लागेल ते ठरवायचे. मग गायकाची पट्टी. मूळ गाणे काळी चारमध्ये आहे आणि आपला गायक काळी एकच्या वर चढत नाही, तर सगळे गाणे खाली आणायचे. काही वेळा गिटारच्या मानेवर 'कॅपो' नावाचा चिमटा बसवून काम भागते, काही वेळा सगळी बोटे नव्याने शिकवावी लागतात. माझ्या विद्यार्थ्याला आज साडेतीनशेच्या वर गाणी पाठ आहेत. किशोरकुमारपासून अरिजित सिंगपर्यंत, 'हॉटेल कॅलिफोर्निया'पासून 'झिंगाट'पर्यंत. इंग्रजी गाण्यांचे उच्चार त्याने शब्दाखाली देवनागरीत लिहून पाठ केले. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने इतकी टिपणे काढली असती तर आम्ही शिक्षकांनी त्याचे सत्कार केले असते.

गिऱ्हाईक फर्माईश कागदी रुमालावर लिहून पाठवते. कधी त्या रुमालात नोट असते. बैठकीच्या लावणीत याला दौलतजादा म्हणत. इथे 'टिप' म्हणतात. फरक इतकाच की इथे ती बहुधा गायकाच्या हातात जाते आणि गायकाने मनावर घेतले तरच वाटली जाते.

पूर्वी पाच जणांचा बँड लागे : गायक, दोन गिटार, बेस, ड्रम. आता मालक दोघांना बोलावतो. ड्रम आणि बेस संगणकातल्या 'ट्रॅक'वर आधीच भरलेले असतात, किंवा पायाने दाबायच्या पेटीत गिटारवादक स्वतःचाच ठेका भरून तो पुन्हा पुन्हा फिरवतो. पाचांचे काम दोघे करतात. तिघांची मजुरी वाचली ती मालकाची. यात नवीन काही नाही. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी एके काळी साठसत्तर वादक एकत्र बसत. १९८० नंतर सिंथेसायझर आला आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्यांतले बहुतेक घरी बसले. गिरणीत माग बदलला की कामगार कमी होतो, हे आपल्याला कळते. वाद्य बदलले की वादक कमी होतो, हे मात्र आपण 'तंत्राची प्रगती' म्हणून ऐकून घेतो.

त्याने मला एका शनिवारचा हिशेब लिहून दिला. ठरलेली रक्कम २,५०० रुपये. काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचे २५०. रात्री बारानंतर रिक्षाला सव्वापट भाडे, सोबत ॲम्प्लिफायर असल्यामुळे बसचा प्रश्नच नाही : २२०. सरावाच्या खोलीचा वाटा २००. तारांची झीज १००. उरले १,७३०. घरातून साडेचारला निघाला, एकला परतला. आणि हे पैसे त्या रात्री मिळाले नाहीत. पंचेचाळीस दिवसांनी मिळाले, तेही तीन फोन केल्यावर. पावसाळ्यात महिन्याला दोन-तीन शनिवार, डिसेंबरात रोज. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा सगळेच बंद झाले. त्याने ॲम्प्लिफायर विकला आणि वर्षभर दुचाकीवरून जेवणाची पाकिटे पोहोचवली. ज्या इमारतींच्या तळमजल्यावर तो वाजवत असे, त्यांच्याच वरच्या मजल्यांवर. तिथे कुणी त्याला ओळखले नाही. यात दुःख करण्यासारखे काही नाही, असे तो म्हणतो. वाजवतानाही कुणी चेहरा बघत नसते.

इथे थोडे मागे जायला हवे. वाद्यांना जात असते, हे सांगायला आपल्याला ग्रंथ लागत नाहीत. हलगी कुणाची, संबळ कुणाचा, देवळातला चौघडा कुणाचा, आणि तंबोऱ्याला कुणाचा हात लागलेला चालत नाही, हे गावातले शेंबडे पोरही सांगे. माझे आजोळ मातंगांचे. आजोबांकडे गावकीचे वाजप होते. लग्न असो, पोळा असो, मयत असो, बोलावणे आले की जायचे. जेवण सगळ्यांत शेवटी आणि वेगळे. आजी-आजोबा विक्रोळीला आले ते १९७२ च्या दुष्काळात. मामा मोठा झाला आणि बेंजो शिकला. तेव्हा आजीने घर डोक्यावर घेतले होते. "गाव सोडलं त्ये वाजप सुटावं म्हून, आन ह्यो हितं यिऊन पुन्यांदा वाजिवतुय," हे तिचे वाक्य आमच्या घरात अजून सांगितले जाते. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून बाबासाहेबांनी गावकीची हीन मानलेली कामे सोडायला सांगितले, कनिष्ठ ग्राम वतने १९५८ च्या कायद्याने संपली. पण वाजपाची लाज कायद्याने संपत नाही. आजीला बेंजो आणि हलगी यांत फरक दिसत नव्हता. तिच्या दृष्टीने दुसऱ्याच्या आनंदासाठी हात झिजवणे तेच होते.

मामाला मात्र फरक दिसत होता. बेंजो हे वाद्य गावात नव्हतेच, म्हणून त्याला जातही नव्हती. १९१२ साली जपानच्या नागोयात मोरिता गोरो नावाच्या माणसाने 'ताईशोगोतो' बनवले. तारा आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले आणि मुंबईच्या चाळींत त्याला बेंजो म्हणू लागले. गुरू लागत नाही, घराणे लागत नाही, कळांवर आकडे लिहून शिकता येते. आमच्या वस्त्यांनी ते उचलले याचे कारण इथे आहे. मामाची पार्टी १४ एप्रिलला, १ ऑगस्टला, गणपतीत आणि हळदीत वाजवी, आणि हळदीला जायचे की नाही हे मामा ठरवी. म्हणजे सुपारी.

गिटारही तशीच परकी, तशीच गावकीबाहेरची. मुंबईत तिला घर दिले ते प्रामुख्याने गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. चर्चच्या शाळांत ते स्वरलेखन वाचायला शिकलेले. आधी हॉटेलांतल्या जाझमध्ये आणि मग चित्रपटांच्या स्टुडिओत ते आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट यांनी हिंदी चित्रपटसंगीताची बांधणी केली. लोकांना नाव ठाऊक झाले ते संगीत दिग्दर्शकाचे. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मधल्या 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदरसिंगांची, हेही आपल्याला कळते ते पुढे ते गायक म्हणून प्रसिद्ध झाले म्हणून. ग्रेगरी बूथ या संगीत-संशोधकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक केले, तेव्हा त्यांतले कित्येक म्हातारे झाले होते. सुरावट सुचली ती वादकाला, पैसे मिळाले ते त्या दिवसाच्या पाळीचे. आज माझा विद्यार्थी जी सुरावट हुबेहूब वाजवून टाळी घेतो, ती मूळची ज्याची आहे त्यालाही तिचे नाव मिळाले नव्हते आणि यालाही मिळत नाही.

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. हॉटेलात थेट वाजवलेल्या गाण्यासाठी मालकाने परवाना घ्यायचा. ते पैसे १९६९ साली स्थापन झालेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीमार्फत गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना जातात. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे. गीतकाराला उशिरा का होईना हक्क मिळाला, याचा आनंद आहे. पण समोर बसून वाजवणाऱ्याचे काय? त्याच्या त्या रात्रीच्या मजुरीबद्दल, ती किती दिवसांत द्यावी याबद्दल हा कायदा काही सांगत नाही. ते मालकाच्या मर्जीवर. मर्जी हा शब्द आला की मला खळे आठवते.

कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठांनी विचारले, "बाई, दुसऱ्याची गाणी वाजवणाऱ्या पोराबद्दल आपल्याला काय करायचंय? त्याचं स्वतःचं काय आहे त्यात?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट दिले पाहिजे.

'कव्हर' या शब्दाला अमेरिकेत एक इतिहास आहे. तिथे १९५० च्या दशकात काळ्या गायकाचे गाणे चालू लागले की ध्वनिमुद्रिका कंपन्या तेच गाणे गोऱ्या गायकाकडून गाऊन घेत आणि गोऱ्यांच्या बाजारात विकत. लिटल रिचर्डचे 'टुटी फ्रुटी' पॅट बूनने गायले आणि विक्रीच्या यादीत मूळ गाण्याच्या वर चढले. आर्थर क्रुडप या काळ्या गिटारवादकाने १९४६ साली मुद्रित केलेले गाणे १९५४ साली एल्विस प्रेस्लीने गायले आणि त्यातून त्याची कारकीर्द सुरू झाली. क्रुडप मजुरी करत राहिला आणि १९७४ साली गेला तेव्हाही त्याच्या हक्काच्या पैशांचा निकाल लागलेला नव्हता. म्हणजे नक्कल वरच्याने खालच्याची केली की ती 'लोकप्रियता' ठरते. खालच्याने वरच्याची केली की 'त्याचं स्वतःचं काय?' असा सवाल येतो.

आणि आपली भीमगीते? त्यांतली कितीतरी गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली आहेत. चाल त्यांची, शब्द आपले. त्याआधी सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, गण-गवळणीच्या जागी नवा आशय घातला. वामनदादा कर्डकांसारख्या कवीला चालीची टंचाई नव्हती. ऐकणाऱ्या कामगाराला चाल आधीच पाठ असली की शब्द थेट आत जातो, हे त्या परंपरेने ओळखले होते. प्रल्हाद शिंद्यांनी भीमगीते गायली आणि विठ्ठलाची भक्तिगीतेही गायली; त्या भक्तिगीतांच्या कॅसेट ज्यांनी विकत घेतल्या त्यांतल्या किती जणांनी आपल्या घरात त्यांना पाणी दिले असते, हा वेगळा प्रश्न. सांगायचे एवढेच की उसनी चाल हा आपल्याकडे कमीपणा कधीच नव्हता. कोण ठरवतो आणि कुणासाठी, हा मुद्दा आहे.

माझा विद्यार्थी इथेच अडतो. एका खाद्यगृहात त्याने दोन फर्माइशींच्या मध्ये एका भीमगीताची नुसती धून वाजवली, शब्दांशिवाय. व्यवस्थापकाने विश्रांतीच्या वेळी बोलावून "कमर्शियलच ठेवा" असे सांगितले. पुढच्या महिन्यात तिथली सुपारी आली नाही. ६ डिसेंबरला तो वाजवत नाही. तो दिवस हंगामाच्या ऐन मध्यात येतो आणि दरवर्षी त्याचे निदान एक लग्न बुडते. कारण मात्र तो 'घरचं काम आहे' असे सांगतो. आडनावही तो बँडमध्ये लावत नाही. 'स्टेजचे नाव' घेतले आहे, जसे पुष्कळ कलावंत घेतात. पण पुष्कळ कलावंत ते ज्या कारणासाठी घेतात त्यासाठी नव्हे.

सुरुवातीची दोन वर्षे त्याने ऑर्केस्ट्रा बारमध्येही काढली. तिथले जग आपल्या सुशिक्षित मंडळींना फक्त बातम्यांतून ठाऊक असते. सरकारने २००५ साली डान्स बार बंद केले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. पण ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष, अशी अट होतीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने स्त्री-पुरुषांची ही वाटणी घटनाबाह्य ठरवली. एकूण आठांची मर्यादा ठेवली. त्या वाटणीमुळे किती गायिकांचे आणि किती वादकांचे काम गेले असेल, याची चर्चा नीतीच्या गदारोळात कुणी केली नाही. माझा विद्यार्थी म्हणतो, पैसे रोजच्या रोज मिळायचे ते फक्त तिथेच.

तमिळनाडूत दलितांनी परई वाजवायला नकार दिला, तो गावकीविरुद्धचा लढा होता. पुढे तीच परई मुक्तीचे वाद्य म्हणून परत हातात घेतली गेली. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड मंचावर आला, त्यात गाना, परई आणि गिटार एकत्र होते. मुंबईतही 'धम्म विंग्ज' या बौद्ध रॉक बँडने गिटार धम्माकडे वळवली आहे. हे प्रयोग मोलाचे आहेत. तथापि शंभरांतल्या पाचांना स्वतःची गाणी घेऊन मंच मिळेल. उरलेले पंचाण्णव शनिवारी रात्री इतरांची गाणी वाजवूनच घर चालवतील. विद्रोही कलावंताचा सत्कार करणारी चळवळ या पंचाण्णवांना कामगार म्हणून ओळखते का?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मंचावर शोधले पाहिजे. एप्रिल-मे हा आपला हंगाम. जयंतीच्या कार्यक्रमाला मंडपवाल्याला पैसे ठरवून मिळतात, स्पीकरवाल्याला मिळतात, फलकावर ज्याचा चेहरा छापायचा तो पाहुणा गाडीभाडे घेतो. वादकाला सांगितले जाते, "समाजाचं काम आहे, भावा." फलकावर गायकाचे नाव असते आणि खाली 'व त्यांचा वाद्यवृंद'. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा म्हणून भाषणे लांबली की कापले जातात ते वादकच, जेवण शेवटी. हे मी एका मंडळाबद्दल लिहीत नाही, पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. गावाने जे केले त्याला बलुते म्हणायचे आणि आपण करतो त्याला समाजकार्य, हे चालणार नाही. ज्याला फुकट वाजवायचे आहे त्याने खुशाल वाजवावे, पण आधी त्याला आकडा विचारला गेला पाहिजे. 'नाही' म्हणता आले तरच 'हो'ला किंमत येते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्याने एक साधा कागद तयार केला. वर तारीख, वाजवण्याचे तास, ठरलेली रक्कम, विसार, उरलेले पैसे त्याच रात्री, जेवण वाजवण्याआधी, आणि फलकावर सगळ्या वादकांची नावे. खाली दोन सह्या. खाद्यगृहांपैकी एकाने त्यावर सही केली, बाकीच्यांनी हसून परत केला. लग्नवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी केली. यंदा त्याने तोच कागद वस्तीतल्या जयंती मंडळाकडे नेला. वादावादी झाली, तीन बैठका झाल्या. "घरच्या माणसाकडून सही घेतोस?" असे एकाने विचारले, तेव्हा मंडळाच्या म्हाताऱ्या खजिनदाराने, जे स्वतः गिरणीत होते, कागद वाचला आणि सही केली. अडले ते पुढे, पैसे देताना. खजिनदारांनी व्हाउचरवर 'मानधन' लिहिले होते. माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे होते की 'मजुरी' लिहा. कलावंताला मजुरी देणे हा अपमान आहे, असे खजिनदारांना मनापासून वाटत होते. मानधन म्हणजे देणाऱ्याची मर्जी, असे याला वाटत होते. अर्धा तास दोघेही हटेनात. मी तिथेच होते, पण बोलले नाही. शेवटी खजिनदारांनी दोन्ही शब्द टाळून 'पाच वादक, तीन तास वाजवल्याचे' असे लिहिले आणि पैसे मोजून दिले.